शेजारधर्म आणि सागरी संरक्षण

नांदेड आणि लातूर हे जिल्हे समुद्रापासून दूर असले, तरी देशाच्या संरक्षणाशी त्यांचे नाते निकटचे आहे. लातूरचे शिवराज पाटील १९८० मध्ये केंद्रात संरक्षण राज्यमंत्री झाले. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये संरक्षणमंत्री होते. ज्या गोदावरीच्या काठी नांदेड वसले आहे, तिचेच नाव धारण करणारी, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली युद्धनौका १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली.

३ नोव्हेंबर १९८८ रोजी भाडोत्री सशस्त्र टोळीने मालदीवची सत्ता उलथविण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी साहाय्य मागताच त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीसैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. ओलिसांसह जहाजातून पळालेल्या हल्लेखोरांना ‘गोदावरी’ व ‘बेतवा’ या नौकांनी भरसमुद्रात गाठले.

डिसेंबर २०१४ मध्ये माले येथील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पास आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी व नौकांनी पिण्याचे पाणी धाडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर तहान भागविणाऱ्या लातूरकरांना या साहाय्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

मात्र लहान शेजाऱ्यास साहाय्याइतकाच स्वाभिमानही प्रिय असतो. मालदीवच्या इच्छेनुसार मे २०२४ पर्यंत भारताने तेथील आपले सैनिक परत आणले व हेलिकॉप्टरे आणि विमान चालविण्यासाठी नागरी तंत्रज्ञ पाठविले. हाक येताच धावणारे आणि इच्छेचा मान राखणारे सामर्थ्यच शेजाऱ्याचा विश्वास संपादन करते. शाळांतून व ग्रामसभांतून देशाच्या सीमांची चर्चा होते, तेव्हा या सागरी सीमेचाही विचार व्हावयास हवा.