वही कोणाच्या हातात?



कामगार संघटनेच्या माणसाने मोबाइलवरच्या खेळांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. पण तीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली : ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात माणूस. हजेरीवही मालकाकडे, म्हणून खाडे किती ते मालक सांगणार. काटा कारखान्याकडे, म्हणून ऊस किती टन भरला ते कारखाना सांगणार. वेदगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आज आम्ही अशाच एका नव्या वहीबद्दल बोलणार आहोत. ती आपल्याविषयी लिहिली जाते, पण आपण ती कधी पाहिलेली नाही.

आपला मुलगा मोबाइलवर एखाद्या खेळाचे खाते उघडतो. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर देतो. हे त्याला दिसते. पण त्याच वेळी मोबाइल कोणत्या बनावटीचा, तो कोणत्या गावातून खेळतो, रात्री किती वाजेपर्यंत जागतो, कोणाबरोबर खेळतो, याचीही नोंद होऊ शकते. पैशांचा खेळ असेल तर पॅन आणि बँकखातेही मागितले जाते. हरल्यावर किती मिनिटांनी पुन्हा पैसे भरतो, हेही वहीत उतरते. यातले काही आवश्यक आहे, हे मान्य केले पाहिजे. खाते चालवायला आणि लबाडी पकडायला काही माहिती लागतेच. पण उरलेली जाहिरातदारांच्या कामाची असते. आणि माणसाची गरज व त्याचा कमकुवतपणा जिथे नोंदला जातो, तिथून सावकार फार लांब नसतो.

इथे आम्हाला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही सभासदांची नावे आणि मोबाइल नंबर यांची यादी ओळखीच्या एका विमा एजंटाला दिली. सभासदांना स्वस्तात विमा मिळावा, हा हेतू होता. पंधरा दिवसांत त्यांना भलभलते फोन येऊ लागले. कर्ज घ्या, बक्षीस लागले, खाते बंद होणार! एक सभासद बाई कचेरीत आली आणि म्हणाली, “दादा, नंबर मी तुमास्नी दिल्ता. त्येला कुठं दिल्ता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. बाईचे शिक्षण आमच्याहूनही कमी, पण या विषयावरचा सगळा कायदा तिच्या त्या दोन वाक्यांत आहे. माहिती ज्याला दिली त्याची ती मालमत्ता होत नाही. ज्या कामासाठी दिली, त्या कामापुरतीच ती त्याच्याजवळ ठेव म्हणून असते.

ही ठेव सांभाळली जाते काय? सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ११८ मोबाइल ॲपवर बंदी घातली. त्यांत आपल्या पोरांचा लाडका पबजी होता. लोकांची माहिती परवानगीवाचून देशाबाहेर नेली जाते अशा तक्रारी आल्याचे सरकारने त्या वेळी सांगितले. पुढे २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला. तो चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीच्या अधिकाऱ्यांविरुद्ध आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या पोलीस ठाण्यात २०२४ मध्ये गुन्हा नोंदला गेला. खेळाडूंची माहिती टेलिग्रामवर विकली गेली, असा आरोप होता. तो नाकारून कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आरोप म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही गेटवरसुद्धा सांगत आलो. पण अकलूजसारख्या गावातला एक साधा माणूस ‘माझी माहिती कुठे गेली?’ असे विचारू शकतो, हे आम्हाला मोठे वाटते.

लबाडी नसली तरी वही चोरीला जाते. एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळजाळ्यातून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली. एवढी मोठी कंपनी, पण तिचे जाळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद पडले.

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ती मे २०२७ मध्ये पुरी होते. या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे, आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरली जाईल. संमतीचा मजकूर मराठीत वाचण्याची सोय द्यावी लागेल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. आपल्याविषयी काय नोंदले आहे ते विचारण्याचा, ते दुरुस्त करण्याचा आणि खोडून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. पन्नास लाखांहून अधिक खेळाडू असलेल्या कंपनीकडे एखादा खेळाडू तीन वर्षे फिरकला नाही, तर त्याची माहिती पुसावी लागेल. दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितलेली तेवढी राहील.

कायद्यात उणीवही आहे. माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी खजिन्यात जातो. ज्याची माहिती गेली, त्याला या कायद्याने भरपाई मिळत नाही. उलट, खोटी किंवा पोकळ तक्रार केल्यास त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. यंत्रात हात गेला कामगाराचा आणि दंड भरला सरकारकडे, असा हा न्याय. तो बदलून घेण्यासाठी आपल्याला बोलावे लागेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. मोठमोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबवले. पुष्कळ आयाबहिणींनी सुटकेचा श्वास टाकला असेल. पण आम्ही विचारतो, दुकान बंद झाले, वहीचे काय झाले? कोण किती हरला, कोणाची गरज किती, ही नोंद दुकानाच्या फळ्या लावल्याने पुसली जात नाही.

म्हणून करायचे काय? एकट्याने हजेरीवही मागितली, तेव्हा मुकादमाने हाकलून दिले. दोनशेजण उभे राहिले, तेव्हा तीच वही टेबलावर आली. इथेही तोच मार्ग आहे. खेळ संपर्कयादी मागत असेल, तर ‘नाही’ म्हणायला मुलांना शिकवा. जुनी खाती खोडून टाका. तालमीतल्या, कॉलेजातल्या, कारखान्यातल्या पोरांनी एकत्र बसून कंपनीला मराठीत पत्र लिहावे : आमच्याविषयी काय लिहिले आहे, ते दाखवा. आधी कंपनीकडे, आणि तिने दाद दिली नाही तर कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे जावे.

आमची ती सभासदांची यादी आता कुलपात आहे. कोणाला दिली आणि कशासाठी, याची नोंद वार्षिक सभेत वाचली जाते. त्या बाईने आम्हाला हे शिकवले. ती आम्हाला विचारायला आली, तशी आपण सर्वांनी मोठ्या कंपन्यांना विचारायला जावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.