पांढरीतले कारागीर : माळव्यातील आद्य हस्तकला



धार आणि देवास ही नावे उच्चारताच मराठी वाचकाच्या मनासमोर प्रथम उभ्या राहतात त्या पवारांच्या गाद्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरल्या. पवारांची एक शाखा धारला आणि तुकोजी व जिवाजी या बंधूंची देवासला स्थिरावली. त्यांच्यामागून कारकून आले, शास्त्री आले, वैद्य, गवई आणि सुतार-लोहारही आले. माळव्यातील मराठी मनुष्य आपला इतिहास साधारणतः येथून मोजतो आणि त्याचे आयुष्य तीनशे वर्षांच्या आतबाहेर ठरवतो.

परंतु माळवा आणि महाराष्ट्र यांना जोडणारी वाट पवारांच्या घोड्यांनी पाडलेली नाही. सुमारे छत्तीसशे वर्षांपूर्वीच ती रुळलेली होती आणि त्या वेळी तिच्यावरून जाणारी माणसे उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली होती. त्यांच्यापाशी शिक्के नव्हते, सनदा नव्हत्या, लिपीही नव्हती. होती ती मडकी, मणी आणि तांब्याची हत्यारे. त्या कारागिरांचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे.

धारला येणारा प्रवासी लोहस्तंभ पाहून थक्क होतो. लाट मशिदीपाशी ओट्यावर ठेवलेले त्याचे तीन तुकडे मिळून लांबी तेरा मीटरांहून अधिक भरते आणि वजन सुमारे सात टन. लोखंडाचे लगदे तापवून, एकावर एक ठोकून, त्यांचा एकजीव खांब घडवणाऱ्या लोहारांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. त्याच जिल्ह्यातील बाघची लेणी पाहणारा रसिक तेथील भित्तिचित्रांच्या आठवणीने आजही हळवा होतो. मांडूचे महाल, देवासची टेकडी यांची ख्याती तर सर्वश्रुत आहे. या सर्व कृतींच्या पाठीशी राजा होता, संघ होता किंवा श्रद्धाळू दाता होता. ज्यांच्या पाठीशी असे कोणीच दिसत नाही, त्या कारागिरांचे काम मात्र नांगरटीखालच्या जमिनीत आहे.

मराठीत गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती आणि फुटकी खापरे मिसळून राखट झालेली. जुने गाव उठून गेले तरी पांढरीचे टेकाड मागे राहते. शेतकऱ्याला ते खताचे भांडार वाटते, पुरातत्त्वज्ञाला ते दप्तरखाना वाटते.

असेच एक टेकाड देवासच्या उत्तरेस, उज्जैनच्या पूर्वेस, छोट्या काली सिंधच्या काठी आहे. गावाचे नाव कायथा. वराहमिहिराने उल्लेखिलेले कापित्थक ते हेच, असे अभ्यासक मानतात. १९६४ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांची दृष्टी या टेकाडावर पडली. नीमचला १९१९ मध्ये जन्मलेले वाकणकर पेशाने चित्रकार होते. भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये १९५७ मध्ये त्यांनीच जगापुढे आणली होती. खापराच्या तुकड्यावरील रेघ हाताने ओढली आहे की फणीने, कुंचला जाड होता की बारीक, हे त्यांच्यातला चित्रकार आधी ओळखी आणि त्यांच्यातला संशोधक मग त्याची नोंद करी. १९६५-६६ मध्ये विक्रम विद्यापीठातर्फे त्यांनी येथे उत्खनन केले. पुढे १९६७-६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सहकार्याने ढवळीकर आणि अन्सारी यांनी ते काम पुढे नेले.

टेकाडाच्या अगदी तळाशी, इ. स. पूर्व सुमारे २४०० च्या थरात, एक अपरिचित संस्कृती मिळाली. ती आता कायथा संस्कृती या नावाने ओळखली जाते. सिंधूकाठी मोहेंजोदडो आणि हडप्पा ही नगरे भरभराटीत होती त्याच काळात येथे शेतकऱ्यांची साधी वस्ती नांदत होती. नगररचना नाही, मुद्रा नाहीत, पक्क्या विटांचे वाडे नाहीत. पण हातातले कसब पाहावे तर ते नगरवासीयांच्या तोडीचे. गडद तपकिरी लेपावर जांभळट रंगात नक्षी काढलेली मजबूत भांडी, फिकट पिवळसर अंगावर तांबडी नक्षी असलेली भांडी आणि ओल्या मातीवर फणी फिरवून लाटांसारख्या रेघा उमटवलेली भांडी, असे तीन प्रकार त्यांनी हाताळले.

एका घरात दोन भांड्यांत मिळून तांब्याच्या अठ्ठावीस बांगड्या ठेवलेल्या होत्या. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या. अकीक आणि तांबड्या कार्नेलियन दगडाच्या मण्यांच्या दोन माळा भांड्यांत जपून ठेवलेल्या सापडल्या. एकीत १७५ मणी, दुसरीत १६०. आणि एका भांड्यात शंखजिऱ्याचे, मोहरीहूनही बारीक असे सुमारे चाळीस हजार मणी होते.

या आकड्यांमागचे श्रम समजून घेतले पाहिजेत. कार्नेलियनचा तांबडा रंग पुष्कळदा निसर्गतः तसा नसतो. खाणीतला फिकट दगड पुनःपुन्हा मंद आचेत तापवला की त्यातील लोहाचा अंश तांबडा होतो. मग तो दगड ठोकून ओबडधोबड आकाराला आणायचा, सहाणेवर घासायचा आणि त्याच्याहून कठीण दगडाचे टोक लावलेला, कमानीने फिरणारा सामता चालवून त्यात आरपार भोक पाडायचे. हात जरासा कलला की इतका वेळ सांभाळलेला मणी फुटतो. या दगडाच्या प्रसिद्ध खाणी गुजरातेत रतनपूर येथे, नर्मदेच्या मुखाकडील प्रदेशात आहेत, आणि खंबायतचे कारागीर आजही अकीक तापवून, घासून, भोके पाडून मणी करतात.

शंखजिऱ्याच्या मण्याची कथा निराळी. हा दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठावा. पण मोठ्या आचेत भाजला की तो पांढरा आणि कमालीचा टणक होतो. एवढे सूक्ष्म मणी एकेक करून कोरणे दुरापास्त दिसते. म्हणून दगडाचे पीठ भिजवून, त्याची शेवयांसारखी पोकळ नळी काढून, तिचे तुकडे पाडून भाजत असावेत, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. ही हडप्पा संस्कृतीची खास विद्या. कायथ्याला ते मणी तिकडूनच आले असावेत, असे अभ्यासकांना वाटते. कोठून का येईनात, चाळीस हजार मणी एका भांड्यात साठवणारे घर त्यांचे मोल जाणत होते, एवढे निश्चित.

ती वस्ती एकाएकी उठली असावी. माळा आणि बांगड्या भांड्यांतच राहिल्या. ज्या स्त्रीने त्या उतरवून ठेवल्या, ती परत आली नाही. पुढे त्याच जागी राजस्थानातील आहाड संस्कृतीचे लोक आले आणि त्यांच्यानंतर माळवा संस्कृतीचे.

माळवा संस्कृतीचे वैभव पाहावयाचे तर धारचे पठार उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जावे लागते. महेश्वरच्या समोर, दक्षिण तीरावर नावडातोली नावाचे खेडे आहे. १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील टेकाडे उकरली. लाकडी खांब, कुडाच्या भिंती आणि चुन्याने सारवलेली जमीन असलेली गोल व चौकोनी घरे, गहू, पुढे तांदूळ आणि डाळी यांचे जळके दाणे, असा एका सुखवस्तू खेड्याचा संसार उजेडात आला.

येथील भांड्यांची माती फारशी बारीक नाही. तीत भुसा मिसळलेला असे. पण तिच्यावर पिवळसर ते नारिंगी लेप देऊन काळ्या-तपकिरी रंगात काढलेली नक्षी पाहून मन प्रसन्न होते. आडव्या-तिरप्या रेघांनी भरलेले चौकट, त्रिकोणांच्या रांगा, हरणे, मोर आणि हातात हात गुंफून नाचणारी माणसे. पायाचे नाजूक पेले आहेत, पन्हळीसारखी लांब तोटी असलेले वाडगे आहेत. नक्षी बहुधा भांड्याच्या गळ्यावर आणि खांद्यावर येते, जेथे उभ्या माणसाची नजर सहज पोचते. ज्या कुंभाराने हे ठरवले त्याला शोभा आणि उपयोग यांचे नाते कोणी शिकवावे लागले नसेल.

इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास हे लोक तापी-गोदावरीच्या खोऱ्यांत उतरले. प्रवरेकाठी दायमाबाद आणि घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव येथे त्यांची खापरे मिळाली आहेत. इनामगावची पहिली वस्ती त्यांचीच. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांत माळव्याहून आलेल्यांचा वाटा मोठा आहे, हे या उत्खननांनी दाखवून दिले. पुढे त्याच भूमीत जोर्वे संस्कृतीची खणखणीत भाजलेली, तांबडी भांडी घडू लागली. त्यांच्या कुंभारांनी आपला वारसा माळव्याकडूनच घेतला होता. तेव्हा पवारांबरोबर धार-देवासला आलेला मराठी मनुष्य एका अर्थी फार जुन्या माहेरी आला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरेल, पण अगदीच निराधार ठरणार नाही.

माहेरची ही ओळख माळव्यातील मराठी कलावंतांना निराळ्या वाटांनी पटलेली दिसते. वसईकडून येऊन धारला स्थायिक झालेले आणि १९६१ मध्ये पद्मश्री मिळालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी आपल्या मूर्तींसाठी येथील माती मळली. १९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळवी लोकधुना कान देऊन ऐकल्या आणि त्यांतून नवे राग उभे केले. अनाम माणसांनी रोजच्या कामात जपलेले सौंदर्य ओळखण्याची दृष्टी या दोघांकडे होती. वाकणकरांनी तीच खापरांकडे वळवली.

आता चिंतेची गोष्ट. पांढरीचे टेकाड एकदाच वाचता येते. खापर ज्या थरात पडले त्या थरासह मिळाले तरच ते बोलते. थरातून उपसून गाडीत भरले की त्याचा काळ गेला, शेजार गेला, साक्ष संपली. ग्रंथालयाच्या सभासदांना हे निराळे सांगावयास नको. दाखल नोंदवही जळाली आणि ग्रंथांची मुखपृष्ठे फाटली तर कपाटे भरलेली असूनही ग्रंथालय मुके होते. १९५८ च्या कायद्याने केंद्राने घोषित केलेल्या स्थळांना संरक्षण आहे. परंतु अघोषित टेकाडे असंख्य आहेत. कोठे राखट माती खत म्हणून शेतात जाते, कोठे नांगर आणि यंत्रे टेकाड सपाट करतात. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर प्रथमच पूर्ण भरले आणि धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर यांसारखी नर्मदेच्या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. घरे हलवता येतात, जरी त्यातही माणसाचे काळीज तुटते. पांढरी मात्र हलवता येत नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन येथे भागणार नाही. ज्या टेकाडाचे मोल त्याला कोणी सांगितले नाही, ते त्याने खत मानले तर नवल कसले? कायथ्याचे मोल कळण्यासाठी वाकणकरांसारखा मनुष्य पायी हिंडावा लागला. प्रत्येक गावाला वाकणकर लाभत नाहीत, पण शाळामास्तर असतो, तलाठी असतो, सुटीत गावी जाणारा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. शेतात रंगीत खापर किंवा मणी दिसला तर तो खिशात न घालता जागेची नोंद करावी, गावाचे व शेताचे नाव लिहून पुरातत्त्व खात्यास कळवावे, एवढे काम विद्वत्तेवाचून होण्यासारखे आहे. शंभर वर्षे ग्रंथांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेने आपल्या परिसरातील अशा टेकाडांची एक वही ठेवली तर ती शताब्दीला साजेशी होईल.

कायथ्याच्या त्या स्त्रीने आपल्या माळा मातीच्या भांड्यात ठेवल्या आणि ते भांडे चार हजार वर्षे शाबूत राहिले. ते घडवणाऱ्या कुंभाराचे नाव कोणास ठाऊक नाही. त्याचे काम मात्र त्याने चोख केले होते. त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची जी भांडी अजून जमिनीत आहेत, त्यांची राखण आता वरच्या माणसांकडे आली आहे.