घरातली जमात आणि एक गोधडी



मला विषय दिलाय 'साथीच्या सुरुवातीचा परदेशातला मुक्काम आणि छंद'. आमच्या पिढीच्या कोकणी मुसलमान बायकांना छंद हा शब्द तसा महागच. शिवण, विणकाम, लोणची-पापड सगळं केलं, पण काम म्हणून. २०२० मध्ये दुबईला लेकीकडे अडकले, तेव्हा पहिल्यांदा हातात मोकळा वेळ आला आणि मी एक गोधडी शिवली. त्याच खोलीत आणखी एक गोष्ट घडत होती, तीही सांगते.

फेब्रुवारीत गेले तेव्हा साथ चीनची होती, मग इराणची झाली. २७ फेब्रुवारीला सौदीने बाहेरच्या यात्रेकरूंचा उमरा थांबवला, तेव्हा घरातले सगळे गंभीर झाले. १६ मार्चला अमिरातीतल्या मशिदी बंद झाल्या आणि अजानमध्ये 'आपापल्या घरी नमाज पढा' असे शब्द ऐकू आले. पावसाच्या दिवशी असंच पुकारायला सांगितल्याची हदीस आहेच, म्हणजे सोय धर्मातलीच. पण ती एका दिवसात अंमलात येताना मी पाहिली. धर्मात तसूभर बदल होत नसतो, हे इकडे किती वर्षं ऐकतोय आपण!

२२ मार्चला आपल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी इथे जनता कर्फ्यू. भारतात उतरणारी विमानंही त्याच सुमाराला थांबली. ४ एप्रिलपासून दुबईत चोवीस तासांची बंदी आली. वाणसामान आणायलासुद्धा ऑनलाइन परवाना.

जावई पहिले आठ दिवस फार अस्वस्थ होता. जुम्मा नाही, जमात नाही, मशिदीच्या पायरीवरच्या गप्पा नाहीत. घरातल्या नमाजमध्ये मन लागत नाही म्हणायचा. मी म्हटलं, "बेटा, आम्हाला जन्मभर हेच सांगितलंय, की बायकांची नमाज घरातच बरी. आमचं मन लागतं का, कुणी विचारलं नाही." तो हसला, पण विचारात पडला. रमजानात तरावीह घरीच सुरू झाली. तो पुढे, आम्ही दोघी मागे. त्याचं ऑनलाइन काम रात्री लांबायचं, तेव्हा लेकीने माझी इमामत केली. आपण कोकणी शाफई. बाईने बायकांची इमामत करायला आपल्या मजहबात मुभा आहे. पण आमच्या गावात कुणी केलेली मी पाहिली नव्हती.

गोधडीसाठी जुनं कापड लागतं, आणि दुबईच्या फ्लॅटमध्ये जुनं काही शिल्लक नसतं. लेकीच्या ओढण्या, जावयाचे शर्ट, फाटकी चादर एवढ्यावर सुरुवात केली. समोरच्या सिंधमधल्या पाकिस्तानी बाईंनी दाराच्या मुठीला कापडाची पिशवी अडकवली. त्यांच्याकडे याच प्रकाराला रल्ली म्हणतात. कपडे धुऊन बाथरूममध्येच वाळवले, कारण बाल्कनीत बाहेरून दिसतील असे टाकायला तिथे मनाई. मग धावदोरा. काठापासून आत आत. रोज दुपारी त्या बाई फोनवर टाक्यांची चौकशी करायच्या. त्यांची उर्दू आणि माझी उर्दू, दोन्ही मोडक्या.

अर्थात आम्हाला खोली होती म्हणून गोधडी पसरता आली. देरात एकेका खोलीत बंकवर झोपणारी आपल्या कोकणातली मुलं होती. मार्चअखेरीस तिथला अल रास हा जुना बाजारभाग पूर्ण सील झाला होता. 'घरात थांबा' म्हणजे त्यांनी खाटेवर थांबायचं. त्यांना छंदाबद्दल विचारायची माझी हिंमत नाही.

बिल्डिंगमधल्या मराठी बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता. केक, भाकरी, मास्क कसा शिवायचा, असं चाललेलं. मार्चअखेरीस निजामुद्दीनची बातमी आली आणि पाककृतींच्या मध्ये 'कोरोना जिहाद' येऊ लागलं. एकीने फोन करून विचारलंच, "तुमच्याकडे कुणी जमातीत गेलं होतं का हो?" म्हटलं, "जमात आमच्या हॉलमध्येच होते. तीन माणसांची." तबलीगवाल्यांशी माझं कधी जमलेलं नाही, आपलं कुणाचंच जमत नाही. पण त्यांच्या नावाने गावोगावच्या भाजीवाल्याला हाकलणं, याचा त्याच्याशी काय संबंध? ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं अशा अर्थाचं नोंदवून. गटावर ती बातमी कुणी टाकली नाही. मग मी टाकली. दोघींनी अंगठा दिला. बाकीच्या केकवर बोलत राहिल्या.

तोवर मी परत आले होते. निघण्याआधी, १ जुलैला, अमिरातीतल्या मशिदी तीस टक्के क्षमतेने उघडल्या. बायकांचे कक्ष मात्र बंदच ठेवले. जावई निघताना दारात थांबला, म्हणाला, "अम्मी, तुमच्यासाठी अजून उघडलं नाही." मी म्हटलं, "तू जा." लेकीने गोधडी बाजूला सारली आणि दोन जानमाज अंथरले.