गाडीवाट आणि सायकल

रस्ते गुळगुळीत असावेत अशी पहिली संघटित मागणी मोटारवाल्यांनी केली नाही. ती सायकलस्वारांनी केली. अमेरिकेतील सायकलस्वारांची संघटना १८८० साली स्थापन झाली, आणि पुढे तिने ‘चांगले रस्ते’ या नावाची चळवळच आरंभिली. १८९२ पासून त्याच नावाचे मासिकही ती चालवू लागली. इंग्लंडातील सायकलस्वारांच्या मंडळांनीही त्याच सुमारास रस्तेसुधारणेसाठी कंबर कसली होती. मोटार तेव्हा पाळण्यात होती. पुढे रस्ते सुधारले, त्यांवर डांबर चढले; आणि ज्यांनी ते मागून घेतले त्यांच्याच वाट्याला रस्त्याची कड आली. आता सव्वाशे वर्षांनंतर सायकलस्वार उलट पावली निघाला आहे. त्याला पुन्हा खडी हवी आहे, मुरूम हवा आहे, आणि मागे मोटारीचा भोंगा नसेल तर थोडी धूळही चालणार आहे.

खडीच्या रस्त्याची कथा मोठी मौजेची आहे. स्कॉटलंडच्या मॅकॅडम या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे दाखवून दिले की, कोनदार बारीक दगडाचा थर नीट पसरला तर वाहनांच्या भारानेच तो एकमेकांत गुंतून घट्ट बसतो. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव दगडाची पूड करी आणि ती पूड पावसाच्या पाण्याने फटींत बसून रस्ता बांधून टाकी. मोटारीच्या रबरी चाकाने मात्र नेमके उलटे केले. वेगाने जाताना ते ती पूड ओढून हवेत उडवू लागले आणि रस्ता विसविशीत होऊ लागला. डांबर आले ते या धुळीवरचा उपाय म्हणून. बैलगाडीने बांधलेला रस्ता मोटारीने उसवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

खडीच्या वाटांवर सायकल हाकण्याच्या या छंदाला जगभर ‘ग्रॅव्हल’ असेच नाव पडले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि तेथील गारगोटीच्या टेकड्यांनी या छंदाला कीर्ती मिळवून दिली. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. या सायकलीची मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली असते. पण टायर रुंद, साधारण ४० मिलिमीटरचा, आणि त्यात हवा कमी. गुळगुळीत रस्त्यावरील अरुंद टायरमध्ये दर चौरस इंचाला ८० ते १०० पौंड दाब भरतात. येथे ३० ते ४० पौंड पुरतात. कारण खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि स्वाराची शक्ती पुढे जाण्याऐवजी त्याच्या हाडांत जिरते. मऊ टायर खड्याला पोटात घेतो आणि पुढे सरकतो.

यात नवे किती आणि जुने किती, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून दुधाच्या कासंड्या घेऊन शहरात येणाऱ्या गवळ्याची काळी, दणकट सायकल आठवावी. तिचे चाक अठ्ठावीस इंची आणि टायर दीड इंची. म्हणजे सुमारे चाळीसच मिलिमीटर. ज्या रुंदीचा शोध परदेशी कारखान्यांना अलीकडे लागला, ती रुंदी गवळ्याच्या पायांखाली तीन पिढ्या होती. फरक दात्यांचा, ब्रेकचा आणि वजनाचा. शिवाय किमतीचा, आणि तो लहान नव्हे!

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. आज ती ओळख उरलेली नाही. परंतु ग्रॅव्हलच्या छंदाला या शहराची वेस जितकी अनुकूल आहे तितकी भारतातल्या थोड्याच शहरांची असेल. त्याचे कारण भूगोलात आहे. शहराच्या पश्चिमेस मावळ आणि मुळशी, जेथे सह्याद्रीचा पाऊस कोसळतो; शहरात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर; आणि पूर्वेस पुरंदर, दौंडकडे जावे तसतसा पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश. एका दिवसाच्या सायकलप्रवासात भातखाचरापासून बाजरीच्या रानापर्यंत जाता येते. खाली सगळीकडे काळा पाषाण. तो झिजून, कुजून त्याचा मुरूम होतो, आणि सायकलीला मुरमासारखी वाट नाही. पावसाने ती दबते, उन्हाने आवळते. काळी जमीन मात्र वेगळ्या स्वभावाची. जूनमध्ये दोन सरी पडल्या की ती चाकाला अशी बिलगते की हाताच्या बोटांनी चिखल उपसल्याशिवाय चाक फिरत नाही. म्हणून जाणता स्वार पावसाळ्यात माळाची वाट धरतो आणि नदीकाठचे शिवार दिवाळीनंतरसाठी राखून ठेवतो. त्याचा खरा शत्रू चढही नव्हे आणि ऊनही नव्हे. तो आहे सराटा आणि बाभळीचा काटा. त्यासाठी आता टायरात नळीऐवजी रबराचा पातळ चीक भरतात. काटा रुतला की चीक छिद्रात थिजतो.

या वाटा शोधायच्या कशा? मोबाइलवरील नकाशा उपयोगी आहे खरा, परंतु त्याहून जुना आणि अधिक प्रामाणिक नकाशा भूमापन खात्याच्या दप्तरात आहे. प्रत्येक गावच्या नकाशावर दोन तुटक रेषांनी गाडीवाट आणि एका तुटक रेषेने पायवाट दाखविलेली असते. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात. पण जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती, आणि तिचे निम्मे साडेसोळा, चौथाई सव्वाआठ, हे लक्षात घेतले की त्यांचा उलगडा होतो. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. वाट आणि शेत एकाच साखळीने मोजले गेले.

मोजलेली वाट जमिनीवर तशीच सापडेल, असे मात्र नाही. दोन्ही बाजूंचा नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो आणि एकवीस फुटांची पाणंद एका माणसापुरती उरते. शहराजवळ तर नांगरही लागत नाही. गृहसंकुलाची भिंत एका उन्हाळ्यात उभी राहते आणि वाट संपते. याविरुद्ध कायदे आहेत. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली अडविलेली वाट मोकळी करून देता येते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मिळण्याचा निर्णय तहसीलदार देतो. २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी राज्याने मातोश्रींच्या नावे योजना काढली. परंतु हे सारे शेतकऱ्यासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. ज्याचा ऊस शेतात वाळत उभा आहे, त्याची गरज रविवारच्या स्वाराच्या हौसेपुढे कितीतरी मोठी. इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवर सायकल नेण्याचा हक्क दिला, आणि पादचाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी असे बंधनही त्याच कलमात घातले. आपल्याकडे असा वेगळा हक्क नाही. नकाशातील सार्वजनिक वाट सर्वांची. बांधावर मात्र सायकलस्वार पाहुणा आहे. पाहुण्याने फाटक जसे असेल तसे ठेवावे आणि समोरून बैलजोडी आली तर उतरून उभे राहावे.

कालव्याच्या कडेची वाट ही आणखी निराळी. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा शहर ओलांडून पूर्वेस थेट इंदापुराकडे जातो. कालवा समतल रेषा धरून चालतो, म्हणून त्याच्या काठची मुरमाची वाटही जवळजवळ सपाट; नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही. पण ही वाट पाहणीसाठी आणि दुरुस्तीसाठी आहे. ती पाटबंधारे खात्याची, त्या खात्याच्या परवानगीने वापरायची. २०१८ च्या सप्टेंबरात शहरात या कालव्याची भिंत फुटून लगतच्या वस्तीत पाणी शिरले, तेव्हा काठावर चाललेल्या डागडुजीचे महत्त्व सर्वांना कळले.

तथापि ज्याला खडीची खरी गोडी लागली आहे तो दिवे घाट किंवा बोपदेव घाट चढून कऱ्हेच्या खोऱ्यात उतरतो. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्रामुळे ही नदी घरोघरी पोहोचली. तिचा प्रदेश मात्र फार थोड्यांनी पाहिला आहे. सासवडच्या पूर्वेस वाटा माळावरून निघतात, ओढ्यात उतरतात, अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांच्या कडेने वळतात, आणि शेवटी माळशिरसच्या डोंगरावरील भुलेश्वराच्या यादवकालीन मंदिरापाशी चढतात. मधली गवताची राने रिकामी दिसतात. ती रिकामी नाहीत. तेथे लांडगा राहतो. उजाडताना आणि मावळताना त्याची हालचाल असते, आणि विणीच्या दिवसांत माणसांची वर्दळ त्याला सोसत नाही. म्हणून या भागात ऊन वर आल्यावरच, आणि मळलेल्या वाटेनेच जाणे बरे. धनगरांचे वाडेही याच वाटांनी हिंडतात. मेंढरांपाशी सायकल हातात धरून चालावे, कारण धनगराचा कुत्रा खडीचे शास्त्र जाणत नाही.

याच शिवारात, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीवर पुण्याचा नवा विमानतळ योजिला आहे. २०१६ पासून त्याची चर्चा चालली, आणि गावकऱ्यांचा विरोधही तितकाच जुना आहे. यांतील खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव. विमानतळ झाला तर सातबाऱ्याचे मूल्य होईल, घराचे होईल, विहिरीचे आणि झाडाचेही होईल. गावनकाशावरील दोन तुटक रेषांचा मोबदला कोणाच्या नावे लिहायचा, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. सध्या त्या वाटांवर सकाळी दुधाच्या गाड्या येतात, शाळेची मुले जातात, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातून आलेले दोन-चार सायकलस्वार पिंपळाच्या पारावर टायरातील सराटे वेचीत बसलेले दिसतात.