फोटोबूथचं सॉफ्टवेअर मांडवात पारखावं



फोटोबूथ व्यावसायिकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अशा भाषणात व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांना हात लावण्याची रीत आहे. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. बूथ भाड्यानं देण्याच्या धंद्यात नव्यानं उतरणारी मुलं-मुली मला भेटली की पहिला प्रश्न हाच विचारतात: सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? आणि बहुतेकांच्या हातात तेव्हा कंपन्यांच्या वैशिष्ट्यांची यादी असते. कुणाकडे फिल्टर जास्त, कुणाकडे जीआयएफ, कुणाकडे 360 अंशांत फिरणाऱ्या बूथची सोय. माझं सांगणं असं की त्या यादीवरून निवड करू नका. रिसेप्शनचा सर्वांत अवघड अर्धा तास डोळ्यांसमोर आणा आणि त्यावरून निवडा.

सॉफ्टवेअरला एवढं महत्त्व का, हे समजायला आपल्या यंत्राचं मूळ पाहावं लागतं. 1925 साली सायबेरियातून आलेल्या अनातोल जोसेफो यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'फोटोमॅटन' सुरू केलं. 25 सेंट टाकायचे, आत बसायचं, आणि साधारण आठ मिनिटांत आठ फोटोंची पट्टी बाहेर. दोनच वर्षांनी त्या यंत्राचे हक्क 10 लाख डॉलरला विकले गेले. त्यातली नवलाई फोटोची नव्हतीच, फोटो तर स्टुडिओतही निघत होते. नवलाई ही की समोर फोटोग्राफर नव्हता. प्रकाश कधी पाडायचा, कागद कुठल्या रसायनात किती वेळ ठेवायचा, पट्टी कधी बाहेर टाकायची, हे सगळं यंत्राच्या दातेरी चाकांनी ठरवलेलं होतं. आज ती चाकं म्हणजे आपलं सॉफ्टवेअर. पाहुण्याशी बोलतं ते तेच, थांबवतं तेच, आणि बिघडलं तर सगळ्यांसमोर बिघडतं तेही तेच.

आता तो अवघड अर्धा तास. रात्रीचे साडेआठ. लॉन्सवर स्टेजपुढे रांग, तिथून सुटलेली मंडळी थेट आपल्याकडे. तेवढ्यात लाइट जाते आणि जनरेटर सुरू होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद अंधार. लॅपटॉप बॅटरीवर तगतो. प्रिंटर मात्र बंद पडतो, कॅमेऱ्याचा अडॅप्टर बंद पडतो, यूएसबी हबही बंद. लाइट आल्यावर सॉफ्टवेअर काय करतं? चांगलं सॉफ्टवेअर कॅमेरा आपोआप पुन्हा जोडून घेतं, अर्धवट राहिलेला फोटो सांभाळतं आणि अडकलेली प्रिंट एकदाच काढतं. कच्चं सॉफ्टवेअर पडद्यावर इंग्रजी एररचा चौकोन दाखवून गप्प बसतं. मग आपला मुलगा माउस शोधतो, नवरदेवाचे मामा घड्याळ पाहतात.

म्हणून ट्रायल उतरवून घेतलीत की टेबलावर हसरे सेल्फी काढत बसू नका. तीन फोटोंच्या सेशनमध्ये दुसऱ्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्याची केबल ओढा. प्रिंटरचा रोल संपू द्या. वायफाय बंद करा. लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरा, पुन्हा चालू करा आणि पाहा: त्याच कार्यक्रमात, त्याच टेम्प्लेटवर, आधीच्या सगळ्या फोटोंसह तो परत उभा राहतो का? या चार कसोट्यांत जे टिकेल त्याचेच फिल्टर मग बघा. विंडोजचे अपडेट आणि झोपी जाण्याची सेटिंग कार्यक्रमाआधी बंद करायची आठवण सॉफ्टवेअर करून देईल यावर विसंबू नका, ते आपल्यालाच करायचं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण प्रिंटरच्या वेगावर फार बोलतो. डीएनपीचा आरएक्स-1 एचएस हा प्रिंटर सहा बाय चारची प्रिंट साधारण साडेबारा सेकंदांत काढतो, म्हणजे तासाला 290 च्या आसपास. कुठल्याही लग्नाला हा वेग पुरून उरतो. रांग अडते ती पडद्यावर. 'टेम्प्लेट निवडा', 'फिल्टर निवडा', 'फ्रेम निवडा', मग ईमेल टाइप करा, मग नंबर टाइप करा. तीन तासांचं रिसेप्शन धरा. एका गटाला दोन मिनिटं लागली तर 90 गट होतील, दीड मिनिटात आटोपलं तर 120. पडद्यावरच्या दोन फालतू पायऱ्या काढल्या की तीस कुटुंबं जास्त मार्गी लागतात. जे सॉफ्टवेअर प्रत्येक पायरी बंद करू देतं, आणि एका गटाची प्रिंट निघत असतानाच दुसऱ्या गटाला उभं करू देतं, ते आपल्या कामाचं.

प्रिंटचंच बोलतोय तर एक बारकावा. याच प्रिंटरच्या सहा बाय चारच्या रोलमध्ये 700 प्रिंट निघतात. दोन बाय सहाच्या पट्ट्या हव्या असतील तर एकाच कागदावर दोन पट्ट्या छापून प्रिंटरच मधोमध कापतो, म्हणजे 1400 पट्ट्या. पण कापण्याची सेटिंग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये असते. एकाच कार्यक्रमात पट्टी आणि पूर्ण फोटो दोन्ही द्यायचे असतील तर विंडोजमध्ये सहसा तोच प्रिंटर दोनदा बसवावा लागतो, एक कापणारा, एक न कापणारा, आणि कुठल्या टेम्प्लेटला कुठला हे सॉफ्टवेअरमध्ये सांगता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर वधू-वरांचा फोटो मधोमध कापून हातात येतो. शिवाय 'आम्ही आठ जण, आठ कॉप्या द्या' हे प्रत्येक लग्नात होतं. एका सेशनला किती प्रिंट, याची मर्यादा घालता आली पाहिजे आणि दिवसाअखेर हिशेब दिसला पाहिजे.

संगणक की आयपॅड, यावर सकाळच्या सत्रात बराच वाद झाला. ब्रीझ, डार्करूम बूथ, डीएसएलआरबूथ, स्पार्कबूथ ही संगणकाच्या घराण्यातली नावं. लुमाबूथ, टचपिक्स, सिंपल बूथ ही टॅबलेटच्या घराण्यातली. माझं मत स्पष्ट आहे: छापील फोटो हा तुमचा मुख्य माल असेल तर संगणक आणि डीएसएलआर. आयपॅडची उभारणी सुटसुटीत, पण आपण वापरतो त्या बहुतेक डाय-सब्लिमेशन प्रिंटरना आयपॅडवरून थेट प्रिंट जात नाही, मध्ये प्रिंट सर्व्हर लागतो, आणि बिघडायला आणखी एक वस्तू वाढते. नुसतं क्यूआर कोडवर फोटो द्यायचे असतील तर आयपॅड उत्तम.

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. सॉफ्टवेअरला चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यादीत कंपनीचं नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तुमचं नेमकं मॉडेल आहे का ते पाहा. आणि लाइव्ह व्ह्यू बघा. स्टुडिओ फ्लॅशसाठी आपण आयएसओ 200, एफ 8 असं ठेवतो. फ्लॅश पडेपर्यंत त्या सेटिंगला पडद्यावर काळोख दिसतो, आणि स्वतःचा चेहरा दिसला नाही की माणूस हसत नाही. लाइव्ह व्ह्यूपुरता उजेड वेगळा वाढवून देणारं सॉफ्टवेअर घ्या.

आता आपल्या मराठी मंडळींचा खास विषय. फ्रेमवर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' छापायचं असतं, खाली कुऱ्हाडे किंवा वऱ्हाडे असं आडनाव येतं. परदेशात घडलेल्या टेम्प्लेट एडिटरमध्ये थेट टाइप केलं की कधी जोडाक्षर फुटतं, कधी वेलांटी पलीकडे जाऊन बसते, आणि ऱ्ह तर हमखास मोडतो. अक्षरं फॉन्टवर अवलंबून ठेवू नका. युनिकोडमध्ये डिझाइन करा, पीएनजी करून वरचा थर म्हणून टाका, आणि छापण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या. लग्नपत्रिकेतलं नाव चुकलं तर आपण केवढा गहजब करतो. फोटोची पट्टी पत्रिकेपेक्षा जास्त वर्षं फ्रिजवर टिकते.

पडद्यावरची भाषाही मराठीच असावी, असा माझा आग्रह आहे. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा पडदा, सूचना आणि आवाज आपले टाकता येतात. 'तीन, दोन, एक' हे घरातल्याच एखाद्या मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करा. इंग्रजी पडदा पाहून लांब उभ्या राहणाऱ्या आज्या आणि मावश्या जवळ येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचेच फोटो सगळ्यांत कमी असतात, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं.

हिरव्या पडद्याचंही सांगतो. हिरवा रंग काढून मागे राजवाडा लावण्याची युक्ती विलायतेतल्या लग्नात चालते. आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा, अंगावर बऱ्याचदा हिरवा शालू. सॉफ्टवेअर चुडा खाऊन टाकतं आणि मनगटाच्या जागी राजवाड्याचा खांब दिसतो. एआयनं पार्श्वभूमी काढणारी नवी सॉफ्टवेअर चुडा वाचवतात, पण मुंडावळ्यांच्या बारीक लडी कापतात. मुंडावळ्या बांधलेल्या माणसावर चाचणी केल्याशिवाय ही सोय ग्राहकाला विकू नका. आणि गोरं करणारे फिल्टर कृपा करून बंद ठेवा. सावळ्या मुलीला तिच्याच लग्नात न विचारता गोरं करणं हा अपमान आहे, आणि तो आपल्या यंत्रातून होता कामा नये.

फोटो पोहोचवण्याबद्दल थोडक्यात. परदेशी सॉफ्टवेअरमधली एसएमएसची सोय पाहून पैसे मोजू नका. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याचीही डीएलटी या मंचावर नोंदणी लागते. नोंदणीशिवायचे संदेश मध्येच अडतात. क्यूआर कोड सरळ आणि फुकट. फक्त नेट नसताना सॉफ्टवेअर फोटो रांगेत ठेवून नंतर चढवतं का, ते बघा. गावाबाहेरच्या लॉन्सवर नेट असेलच असं गृहीत धरू नका.

वर्गणीचाही एक सापळा आहे. रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे वळते होण्याचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले. कार्डावर मंजुरी नीट नोंदलेली नसेल तर डॉलरमधली वर्गणी वळती होत नाही आणि लायसन्स बंद पडतं. मासिक घेत असाल तर नूतनीकरणाची तारीख मुहूर्तांच्या तारखांशी ताडून पाहा. मला वार्षिक बरं वाटतं, आणि तेही पावसाळ्यात संपणारं. वर्गणी थांबल्यावर ऑनलाइन गॅलरीचं काय होतं, हेही आधी विचारा. ग्राहकाला दिलेली लिंक सहा महिन्यांनी उघडली नाही तर तो कंपनीला नाही, तुम्हाला फोन करतो. मूळ फोटो कार्यक्रमाच्या नावाच्या फोल्डरमध्ये आपल्या डिस्कवर साध्या जेपीजीत पडलेच पाहिजेत. या बाबतीत तडजोड नको.

आणि शेवटी ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. एका रात्रीत आपल्याकडे शेकडो चेहरे आणि फोन नंबर जमा होतात. त्यात लहान मुलं असतात, घरच्यांनी विश्वासानं उभ्या केलेल्या लेकी-सुना असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती घेताना स्पष्ट संमती, आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हा पाया घातला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे आपलं कामच आहे. एका क्यूआर कोडवर एकाच गटाचा फोटो उघडला पाहिजे, सगळ्या लग्नाची गॅलरी नव्हे. लिंकमधला शेवटचा आकडा बदलून शेजारच्या कुटुंबाचा फोटो दिसत असेल तर ते सॉफ्टवेअर त्याच दिवशी काढून टाका. लग्नाऐवजी मॉलमध्ये बूथ लावलात आणि तिथल्या प्रायोजकाला नंबरांची यादी हवी असेल, तर त्यासाठीची संमती वेगळी आणि मराठीत असावी, आणि तिच्या चौकटीत आधीच खूण केलेली नसावी. ठरलेल्या मुदतीनंतर सर्व्हरवरचं सगळं पुसता आलं पाहिजे, आणि पुसलं गेल्याचं ग्राहकाला कळवता आलं पाहिजे.

दुपारच्या सत्रासाठी शेजारच्या दालनात दोन प्रिंटर आणि दोन कॅमेरे लावून ठेवले आहेत. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आपापल्या सॉफ्टवेअरवर त्या चार कसोट्या तिथेच करून बघाव्यात आणि काय झालं ते दाराजवळच्या वहीत लिहावं: सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, कॅमेरा, प्रिंटर, आणि केबल ओढल्यावर नेमकं काय घडलं. वहीची प्रत सगळ्यांना मिळेल. देवनागरीच्या अडचणीही त्यात लिहा, ती पानं एकत्र करून आपण सगळ्यांच्या सह्यांनिशी त्या त्या कंपन्यांना पाठवू. हिरवा चुडा आणि मुंडावळ्याही मी तिथे आणून ठेवल्या आहेत.