चिकाचे दूध आणि पहिले सहा महिने
(भाषणाचा मजकूर)



आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरचा परिसर हा पैनगंगेकाठचा, काळ्या जमिनीचा व कापसाचा मुलूख. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र. राज्ये दोन असली तरी दोन्ही तीरांवरच्या चालीरीती पुष्कळशा सारख्या आहेत. मूल जन्मले की त्याला मध किंवा गुळाचे पाणी चाटवावयाचे आणि आईचे पहिले दाट, पिवळसर दूध ‘बाधते’ म्हणून पिळून टाकावयाचे, ही समजूत ग्रामीण भागातून अद्याप पुरती गेलेली नाही.

गाय व्याली म्हणजे तिचा चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नवल असे की, गोठ्यातले हे शहाणपण घराच्या उंबरठ्यापर्यंत येता येता हरवते! आईचा चीकही तसाच मोलाचा होय. त्यात रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये व ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते. तो थोडाच येतो. परंतु नवजात अर्भकाचे पोट तरी केवढे? पहिल्या दिवशी एका वेळी लहान चमचाभर दूध त्यास पुरते. म्हणून जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला आईच्या अंगावर घ्यावे. बाळाच्या ओढण्याने आईचे गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव आटोक्यात राहतो, हा लाभ आईचा.

या बाबतीत दोष केवळ सासवांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती दवाखान्यांतून झाल्या. मात्र तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके सुमारे ४२ टक्केच होती. दवाखान्यात जन्मूनही पहिला तास हुकतो, याचा विचार परिचारिका व डॉक्टर यांनीही करावयास हवा. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली मातादेखील थोड्या आधाराने बाळाला पाजू शकते.

यानंतर सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यात वडीलधारी मंडळी कळवळून म्हणतात, “लेकराचा घसा सुकला, दोन चमचे पाणी पाजा.” माया खरी; पण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असते. वरचे पाणी, घुटी किंवा बाटली यांतून जुलाबाचे जंतू मात्र पोटात जातात. शिवाय वरचे पोटात गेले की बाळ कमी ओढते आणि कमी ओढले की दूध कमी उतरते. मग ‘दूध पुरत नाही’ म्हणून डबा येतो. डब्याच्या दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, खिचडी सुरू करावी आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवावे.

हे सारे सांगणे सोपे आहे. कठीण प्रसंग येतो तो वेचणीच्या हंगामात. २०१७ सालापासून नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा कायद्याने मिळते. शेतमजूर स्त्रीला अशी रजा कोठून मिळणार? कापूस वेचण्याची मजुरी किलोवर मिळते. जितका वेळ ती बाळाला पाजील, तितका कापूस कमी, तितके पैसे कमी. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात, तिच्या नावाने एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी कक्षही झाले आहेत. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून वेचणाऱ्या बाईला कडा उतरावयाचा नाही. तास-दोन तासांनी झोळीपर्यंत जाऊन यावयाचे आहे. शेतमालकाने तेवढा वेळ तिला द्यावा, तिची मजुरी कापू नये, आणि घरच्या पुरुषाने तिच्या वाट्याची एक सरी आपण वेचावी.