हंपीचा रिकामा गाभारा



आमची शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं इतिहास कीर्तनातूनच ठाऊक. कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला अन् नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी परत आणला, हे आख्यान तीस वर्षं सांगितलं. सांगताना राजाला सरळ चोर म्हणायचो. लोक हसायचे.

मग दिंडीतल्या माळकऱ्यांबरोबर हंपीला गेलो. तुंगभद्रेकाठी विठ्ठलाचं देऊळ, पुढं गरुडाचा दगडी रथ. तिथले खांब वाजवले की सूर निघतात, पण आता हात लावू देत नाहीत. बरंच आहे, आम्हा टाळकऱ्यांनी सोडले नसते! १५६५ साली तालिकोटची लढाई हरली अन् हे नगर लुटलं, मोडलं.

गाभाऱ्यात मूर्ती नाही. नुसता अंधार. बरोबरच्या म्हातारीनं विचारलं, "बुवा, डोकं कुठं ठेवू?" आम्हाला उत्तर सुचेना. तिनंच उंबऱ्यावर तुळस ठेवली, माथा टेकला. मागोमाग आम्हीही टेकला.

एवढा दगड देवासाठी घडवून घेतला, त्याला चोर कसं म्हणावं? त्यालाही विठोबा आपल्याजवळ हवा होता. आख्यान अजून सांगतो, पण तो शब्द आला की जीभ अडते. टाळकरी ओळखतात अन् गजर धरतात.